काळ्या घोड्याच्या गावी

पाहुणा मुंबईला आला की त्याला काय दाखवायचे, याची प्रत्येक घरात एक ठरलेली यादी असते. राणीचा बाग, म्हातारीचा बूट, महालक्ष्मी, हाजीअली, गेटवे ऑफ इंडिया आणि शेवटी चौपाटीवरची भेळ. दाखवणाऱ्याला ही यादी तोंडपाठ असते. पाहणारा तिसऱ्या कलमापासूनच थकलेला असतो; पण भेळ शेवटी ठेवलेली असल्यामुळे मध्येच तक्रार करण्याची सोय नसते.

आम्ही स्वतः मुंबईकर नव्हे, बदलापूरकर. दीड तास लोकलमध्ये उभे राहिल्यावर कुठे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस दिसते. त्यामुळे अजूनही आमच्याकडे ‘मुंबईला जाऊन येतो’ असे म्हणूनच घराबाहेर पडतात आणि घरातली माणसे ‘सांभाळून जा’ असे म्हणून निरोप देतात. वर्षातून चार-पाच वेळा मीही असा निरोप घेऊन निघतो. माझी यादी मात्र एकाच कलमाची आहे. ते कलम म्हणजे काळा घोडा.

“एवढं काय ठेवलंय हो त्या काळ्या घोड्यात?” आमच्या सौभाग्यवती विचारतात. “तिथं धड साडी मिळत नाही की भाजी मिळत नाही. येताना हात हलवीत येता!”

प्रश्न रास्त आहे. मी खरोखरच हात हलवीत येतो. दोन-चार प्रदर्शनांची पत्रके, क्वचित फाउंटनच्या फुटपाथवर सापडलेले एखादे जुने पुस्तक, याउपर माझ्या पिशवीत काही नसते. बायकोच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्याचे धैर्य ज्यांच्यात नसते, ते नवरे लेखक होतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागितलेल्या लेखाचा फायदा घेऊन मी हे उत्तर लेखी देत आहे.

पहिली गंमत त्या जागेच्या नावातच आहे. काळा घोडा नावाच्या या जागी कितीतरी वर्षे घोडाच नव्हता! तो मुळात एकटा घोडाही नव्हे. त्याच्या पाठीवर एक स्वार होता, आणि ज्यांनी तो पुतळा उभा केला त्यांच्या लेखी सारे महत्त्व त्या स्वाराचे होते. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेला युवराज, 1875 साली मुंबईला आला होता. त्याची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून या धनिकाने ब्राँझचा अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि 1879 साली तो इथे उभा राहिला. मुंबईच्या लोकांनी मान वर करून पाहिले. युवराजाशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते. घोडा मात्र त्यांना आवडला. धातू काळा दिसत होता, म्हणून काळा घोडा! बग्गीवाल्याने म्हटले, हमालाने म्हटले, पाववाल्याने म्हटले, आणि भावी सम्राटाचे नाव कायमचे पुसून गेले. सनदशीर मार्गाने केलेला याहून मोठा राजद्रोह मला ठाऊक नाही.

1965 साली इतर गोऱ्या पुतळ्यांबरोबर हाही पुतळा तिथून हलला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. घोडा गेला तरी नाव जागचे हलले नाही. अखेर 2017 साली तिथे नवा काळा घोडा आला. शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला हा घोडा पहिल्यासारखा काळा आहे, उमदा आहे. पण त्याच्या पाठीवर कोणी नाही. लोकांनी शंभराहून अधिक वर्षे जे तोंडाने म्हटले, ते अखेर धातूत उतरले. स्वार वगळावा आणि घोडा ठेवावा हा जनतेचा निकाल होता. अंमलबजावणीला थोडा उशीर झाला इतकेच.

हा घोडा उभा आहे तो परिसर तसा फार मोठा नाही. हुतात्मा चौकाकडून महात्मा गांधी मार्गाने चालत निघालो की दहा मिनिटांत सगळे आटोपते. पण या दहा मिनिटांना मला कधी तीन तासांहून कमी वेळ लागलेला नाही. पूर्वी इथे मुंबईच्या किल्ल्याचा तट होता. 1860 नंतरच्या दशकात तो पाडला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. मोकळ्या झालेल्या जागेवर त्या काळी आणि पुढे मोठमोठ्या इमारती उठल्या. तट गेला, तरी ‘रॅम्पार्ट रो’ या नावात तो अजून शिल्लक आहे. या भागाला गेलेल्या वस्तूंची नावे जपण्याची खोडच असावी.

वाटेत आधी लागते ती वॉटसन हॉटेलची इमारत. हिचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून, जहाजाने आणून, इथे जोडलेला आहे. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे या हॉटेलात दाखवली गेली. हिंदुस्थानात सिनेमा प्रथम पाहिला गेला तो इथे. आज ती इमारत इतकी जीर्ण आहे की तिच्याखालून जाताना माणूस आपोआप झपझप चालू लागतो. मी मात्र क्षणभर थांबतो. आमच्या सौभाग्यवतींनी पाहिलेल्या सगळ्या सिनेमांचे हे माहेर आहे, एवढा मान तिला दिलाच पाहिजे.

पुढे डेव्हिड ससून वाचनालय. इमारत 1870 सालची. डेव्हिड ससून बगदादहून आलेले यहुदी व्यापारी. ज्याने घोडा दिला त्या आल्बर्टचे हे वडील. जवळच सुंदर यहुदी प्रार्थनामंदिर आहे, ते 1884 साली नातवाने बांधले. आजोबांच्या नावाचे वाचनालय, मुलाचा घोडा आणि नातवाचे देऊळ. तीन पिढ्या एका हाकेच्या अंतरावर नांदत आहेत. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड करून एक सज्जा आहे आणि तिथे लांब पाठीच्या आरामखुर्च्या आहेत. त्या खुर्च्यांत वर्तमानपत्र छातीवर पसरून गाढ झोपलेले वृद्ध सभासद पाहिले की माझ्यातला शिक्षक सुखावतो. वर्गात धडा चालू असताना झोपणाऱ्या मुलांत आणि यांच्यात फरक एवढाच, की यांना उठवायला कोणी नाही.

रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला वस्तुसंग्रहालयाचा तो डौलदार घुमट. 1905 साली पायाभरणी झाली, जॉर्ज विटेट यांनी आराखडा केला, इमारत उभी राहिली तोच पहिले महायुद्ध आले आणि तिथे लष्करी इस्पितळ उघडावे लागले. वस्तुसंग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली 1922 साली. आज तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे. समोरच्या बाजूला सर कावसजी जहांगीर हॉल. सभांचे, मैफलींचे ते ठिकाण 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झाले. आणि या सगळ्यांच्या मधोमध, बाहेरून घडीच्या कागदासारखे छज्जे काढलेली, बुटकी, पसरट अशी जहांगीर आर्ट गॅलरी.

या इमारतीची आणि माझी ओळख व्हायला फार वेळ लागला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते मुलांना शिकवता शिकवता. दोन-तीन कादंबऱ्या नावावर असल्या तरी अजून कुठल्याही मोठ्या दारासमोर उभे राहिले की माझा हात आधी सदऱ्याच्या गुंड्या चाचपतो. जहांगीरच्या बाहेरच्या पायऱ्यांवरून मी कितीदा तरी नुसताच गेलो आहे. आत माणसे दिसत. सुती झब्ब्यातले गृहस्थ, मोठ्या कुंकवाच्या आणि त्याहून मोठ्या चष्म्याच्या बाया. इथे तिकीट किती असेल, आत कोणी विचारले तर काय सांगायचे, चित्रापुढे किती वेळ उभे राहायचे असते? असल्या शंका घेऊन मी पुढे फाउंटनच्या पुस्तकवाल्यांकडे जाई. पुस्तकांची मला भीती नव्हती.

एके दिवशी पावसाने मला आत ढकलले. नुसता आडोसा म्हणून शिरलो आणि कळले की इथे तिकीटच नाही! कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली आणि 21 जानेवारी 1952 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. तेव्हापासून दार उघडे आहे. मंगळवारी नवी प्रदर्शने लागतात, सोमवारी उतरतात. आठवड्याच्या बाजारासारखाच हा क्रम.

तेव्हापासून मी चित्रांइतकीच ती पाहणारी माणसेही पाहतो. त्यांचे तीन प्रकार आहेत. काही आधी खालची चिठ्ठी वाचतात आणि मग चित्र चिठ्ठीप्रमाणे आहे की नाही ते तपासतात. हे सगळे माझे व्यवसायबंधू असावेत. काही चित्रापासून लांब जातात, जवळ येतात, डोळे बारीक करतात, आणि मागच्या माणसाच्या पायावर पाय देतात. तिसऱ्या प्रकारची माणसे नुसती उभी राहतात. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. पण ती हलत नाहीत. मी अजून पहिल्या प्रकारातच आहे. त्यातून चिठ्ठीवर ‘शीर्षक नाही’ असे लिहिलेले आढळले की मला राग येतो. माझ्या वर्गात कोणी बिनशीर्षकाचा निबंध लिहिला तर मी एक गुण कापतो.

आणि तरीही मी पुन्हा पुन्हा जातो. का जातो, हे मला नीट समजले ते मागच्या हिवाळ्यात, आणि तेही मला कोणा कलासमीक्षकाने समजावले नाही.

माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा आहे. आता नववीत होता. पहिलीपासून त्याच्या पाटीवर, वहीवर, बाकावर चित्रेच असायची. शासनाची एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा तो चांगल्या श्रेणीत पास झाला आणि इंटरमिजिएटला बसायचे म्हणत होता. त्याचे वडील रंगारी आहेत. इमारतींना रंग देतात. परांचीवर उभे राहून, उंच इमारत असली तर दोराच्या झुल्यावर बसून. त्यांचा इंटरमिजिएटला विरोध नव्हता. ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला सात मार्क वाढतात, हा हिशोब त्यांना ठाऊक होता. विरोध होता त्यापुढच्या गोष्टीला. मुलाच्या डोक्यात बारावीनंतर जे. जे. भरले होते, आणि वडिलांनी दहावीनंतर आयटीआय ठरवले होते. वायरमन झाला की हाताला काम आहे, आणि पाय जमिनीवर राहतात.

“सर, रंगात आयुष्य गेलं माझं,” ते मला म्हणाले होते. “भिंतीचा रंग कसाबसा पोट भरतो. कागदाचा रंग काय भरणार? तुम्ही त्याला समजावा.”

मी समजावणार काय? मी म्हटले, एकदा आपण तिघे मिळून काळ्या घोड्याला जाऊन येऊ. त्यांनी खळखळ केली, एका रविवारचा खाडा होईल म्हणाले. पण मुलाला एकटे पाठवायला नको म्हणून आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. नखांच्या कडांना मात्र रंग होता. तो साबणाने जात नाही.

जहांगीरच्या पायऱ्यांवर ते थबकले आणि त्यांचा हात सदऱ्याच्या गुंड्यांकडे गेला. मला हसू आले आणि गहिवरूनही आले. “तिकीट?” त्यांनी विचारले. “नाही,” मी म्हटले. ते वहाणा काढू लागले. मुलगा लाजला. मी त्यांना हाताला धरून आत नेले.

मुलगा पहिल्या दालनातच हरवला. आम्ही दोघे चित्रे पाहत हिंडू लागलो, म्हणजे मी चिठ्ठ्या वाचू लागलो. थोड्या वेळाने पाहतो तर गृहस्थ एका मोठ्या तैलचित्राच्या अगदी कडेला, भिंतीला गाल लावल्यासारखे उभे. चित्राकडे समोरून न पाहता ते आडव्या उजेडात त्याचा पृष्ठभाग पाहत होते.

“सर, हे ब्रशचं काम नाही,” ते हळूच म्हणाले. “पट्टीनं मारलाय रंग. आम्ही लांबी भरतो ना भिंतीला, तसा. आणि खालचा हात पुरता सुकायच्या आत वरचा दिलाय, म्हणून तिथं बघा, ओढला गेलाय. पण मुद्दाम ओढलाय त्यानं. चूक नाही ती.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक पन्नाशीचे गृहस्थ चहाचा कागदी पेला हातात घेऊन बसले होते. ते उठून आले. तेच चित्रकार होते. “दादा, तुम्ही काय काम करता?” त्यांनी विचारले. आमच्या गृहस्थांनी सांगितले. त्यानंतरची पंधरा मिनिटे माझे तिथे काही काम नव्हते. जवसाचे तेल पावसाळ्यात का सुकत नाही, पांढरा पिवळा का पडतो, ओल्या भिंतीवर आणि ओल्या हवेत रंग कसा दगा देतो, असे दोन कारागिरांचे बोलणे चालले होते. चित्रकार मध्येच म्हणाले, “आठ दिवसांत इथे शेकडो माणसं येऊन गेली, रंग कसा लावलाय हे विचारणारे तुम्ही पहिले.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. ते तो विचारणार हे मला माहीत होते, आणि मला त्याची धास्ती होती.

“साहेब, ह्याच्यावर घर चालतं का?”

चित्रकारांनी पेला खाली ठेवला. “नाही,” ते म्हणाले. “चित्रांवर माझं घर चाललं नाही. शाळेत चित्रकला शिकवली, पुस्तकांची मुखपृष्ठं केली, बायकोची नोकरी होती. ह्या दालनासाठी अर्ज करून मी काही वर्षं थांबलो. ह्यातली दोन चित्रं गेली तर फ्रेमांचा खर्च निघेल.”

“मग?”

“मग काय? सकाळी उठल्यावर दुसरं काही करावंसं वाटत नाही.”

गृहस्थ माझ्याकडे वळले. “आणि सर, तुमच्या कादंबऱ्यांवर?”

मी समोरच्या चित्राखालची चिठ्ठी पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचली.

बाहेर आलो. जहांगीरच्या फुटपाथवर चित्रकारांची उघडी जत्रा असते. आत दालन न मिळालेले, मिळवायची ऐपत नसलेले, किंवा इथेच बरे वाटणारे चित्रकार भिंतीच्या कडेने आपली चित्रे मांडून बसतात. कोणी समोर बसवून तुमचा चेहरा काढून देतो. मुलगा एका पोर्ट्रेटवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याचा कोळसा कसा फिरतो ते पाहू लागला. वडिलांनी त्या माणसाला धंद्याची चौकशी केली. दिवसाला किती होतात, पावसात काय करता, पोलीस त्रास देतात का? परत येऊन मला म्हणाले, “ह्यांचं आमच्यासारखंच आहे. हातावरचं पोट. पावसाळ्यात बंद.” त्या स्वरात तक्रार नव्हती. आपल्या भावकीतला माणूस परमुलुखात भेटावा तसा काहीसा तो स्वर होता.

तिथेच कठड्याशी टेकून मी त्यांना एक हकीकत सांगितली. मास्तरकीची सवय, दुसरे काय! 1947 साली सहा तरुणांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रूप स्थापन केला आणि 1949 साली त्यांचे पहिले प्रदर्शन याच रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले. त्या सहांतला कृष्णाजी आरा लहानपणी घरातून पळून मुंबईला आला होता. त्याने लोकांकडे घरकाम केले, मोटारी धुतल्या. मकबूल फिदा हुसेन सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवीत असे, तुमच्यासारखाच परांचीवर चढून. हरी गाडे विदर्भातला, शास्त्राचा पदवीधर आणि पेशाने शिक्षक. फ्रान्सिस सूझाला जे. जे.मधून काढून टाकले होते. रझा मध्य प्रदेशातल्या जंगलाच्या गावातला. आणि सदानंद बाकरे शिल्पकार. विलायतेत वर्षानुवर्षे राहिला आणि अखेरीस कोकणात दापोलीजवळ मुरुडला येऊन राहिला. पुढे यांतल्या काहींच्या चित्रांना कोटींच्या किमती आल्या.

“काहींच्या,” गृहस्थ म्हणाले.

“काहींच्याच,” मी मान्य केले.

“आणि आरा? तो मोटारी धुणारा?”

“तो श्रीमंत झाला नाही. पण त्याच्याकडे नव्या चित्रकारांचा राबता असे. याच भागात, आर्टिस्ट्‌स सेंटरमध्ये, त्याने पुष्कळांना हात दिला.”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाला हाक मारली, आणि मग आम्ही रिकाम्या पाठीचा घोडा पाहायला गेलो. त्यांनी घोड्याच्या पायाला हात लावून पाहिला आणि “फिनिशिंग चांगलं आहे,” असा अभिप्राय दिला.

परतीच्या गाडीत कर्जत लोकलला रविवारची गर्दी होती. ठाण्यापर्यंत कोणी बोलले नाही. ठाणे गेल्यावर ते म्हणाले, “इंटरमिजिएटचा फॉर्म भरायला सांगा त्याला. पुढचं दहावीनंतर बघू.” मुलाने खिडकीबाहेर पाहिले. आयटीआय रद्द झाले असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारले नाही. आज मुलगा दहावीत आहे. निकाल काय लागेल, आणि निकालानंतर काय ठरेल, हे मला ठाऊक नाही. एवढे मात्र पाहिले, की त्या रविवारनंतर वडील त्याच्या चित्राखाली ‘सात मार्क’ पाहत नाहीत. ते चित्र उजेडात आडवे धरतात आणि कुठे हात जड झाला ते सांगतात. मुलाला याहून चांगला मास्तर मिळणे कठीण आहे.

तेव्हा, काय ठेवले आहे त्या काळ्या घोड्यात? मला वाटते, तिथे शेजार आहे. एकटे वस्तुसंग्रहालय पुष्कळ गावांत असते, एकटे वाचनालय तर आमच्याकडेही आहे. पण चित्रे, पुस्तके, गाणी, प्रार्थना, जुन्या मूर्ती आणि चहा एका आळीत राहायला आले की त्यांची एकमेकांकडे ये-जा सुरू होते, आणि त्या ये-जा करणाऱ्यांत आपण सहज मिसळून जातो. तिथे कोणी काही करून ठेवलेले असते, ज्याची कुणाला गरज नव्हती. आणि ते पाहायला कोणी आलेले असते, ज्याला कोणी बोलावले नव्हते. या दोघांची गाठ पडायला शहरात एक जागा असावी लागते.

अशी जागा कायमची असते असेही नाही. जहांगीरच्या आतली ‘सामोवार’ ही आगगाडीच्या डब्यासारखी लांबट उपाहारशाळा 1964 साली सुरू झाली आणि 2015 साली बंद पडली. तिथे एका चहावर चित्रकार दुपार काढीत. गाण्याच्या तबकड्यांचे ‘ऱ्हिदम हाउस’ 2016 साली मिटले. ‘वेसाइड इन’ तर त्याआधीच गेले. त्याच्या खिडकीशी कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत. गॅलरीतली चित्रे सोडून ते समोरचा फुटपाथ पाहत. तिथे झोपणारी, केर काढणारी, इडली खाणारी माणसे, कावळे, कुत्री. 2004 साली, त्यांच्या अखेरच्या वर्षी, त्या पाहण्याचे ‘काळा घोडा पोएम्स’ हे इंग्रजी पुस्तक झाले. त्या चौकात चित्रे भिंतीवरच असतात असे नाही, हे कवीने ओळखले होते.

1999 पासून तिथे हिवाळ्याच्या अखेरीस नऊ दिवसांचा कलामहोत्सव भरतो. रस्ता गाड्यांना बंद होतो, गाणी होतात, नाच होतात, आणि गर्दी इतकी की चित्र कुठले आणि डोके कुठले ते कळत नाही. तरुण मंडळी मोबाइलवर स्वतःचीच छायाचित्रे काढतात. त्यावर नाके मुरडणारे आहेत. मी मुरडत नाही. पहिल्यांदा कोणी गर्दीने आत जातो, कोणी पावसाने. मला स्वतःला मात्र साधा, बिनसणाचा दिवस आवडतो. उंच झाडांची सावली फुटपाथवर पडलेली असते, कोणीतरी चित्राला कागद गुंडाळीत असतो, आणि वाचनालयाच्या सज्जात एक आजोबा झोपलेले असतात.

हा मजकूर घरात वाचून दाखवला. सौभाग्यवतींनी अनारशाच्या पिठाचे हात तसेच ठेवून ऐकला. “मग मला कधी नेणार?” त्या म्हणाल्या.

खरे म्हणजे त्यांना तिथे नवे वाटण्यासारखे फारसे काही नाही. अंगणात रोज पहाटे त्या ठिपके मांडतात, रंग भरतात. संध्याकाळपर्यंत पाऊलखुणांनी निम्मी रांगोळी गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. शेजारची बाई दारात थांबून पाहते, मान डोलावते, पुढे जाते. तिकीट नाही, नाव नाही, शीर्षक तर नाहीच. दिवाळीचे चार दिवस प्रत्येक आळीत हे चाललेले असते. मी त्यांना म्हटले, भाऊबीज होऊ दे, सुट्टी आहेच. मंगळवारी जाऊ. त्या दिवशी नवी चित्रे लागलेली असतात. आणि येताना, रस्ता वाकडा करून का होईना, साडीचेही पाहू.